टोकांकडील भागाचा प्रश्न

गुणसूत्रे दोन्हीकडे सरकल्यावर मधला भाग मोकळा होतो, म्हणून जिवाणू मधोमध विभागतो, हे नेहमीचे स्पष्टीकरण चुकीचे नसले तरी अपुरे आहे. ई. कोलाय या जिवाणूमध्ये स्लमए हे प्रथिन डीएनएला चिकटून राहते आणि त्याच्या आसपास एफटीएसझेडचे कडे (पेशी जिथे विभागायची तिथे जमणारे प्रथिनांचे वलय) जमू देत नाही, हे खरेच; पण डीएनए तर पेशीच्या टोकांशीही नसतो, मग कडे तिथे का तयार होत नाही?

तिथे मिन प्रथिने कामी येतात. मिनडी पेशीपटलाला चिकटते व मिनसीला सोबत घेते, मिनई त्यांना तिथून सोडवते, आणि या पाठशिवणीच्या खेळात ही जोडी साधारण मिनिटभरात एका टोकाकडून दुसरीकडे जाऊन परत येते. परिणामी, कड्याला अटकाव करणाऱ्या मिनसीचे सरासरी प्रमाण मध्यावर सर्वांत कमी राहते. ही यंत्रणा बिघडली की टोकाशी विभाजन होऊन डीएनए नसलेल्या चिमुकल्या पेशी सुटतात.

बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूमध्ये मात्र मिनई नाही आणि ही येरझारही नाही. तिथे डिव्हआयव्हीए हे प्रथिन पटलाच्या वक्र भागाशी थांबून इतर मिन प्रथिनांना धरून ठेवते. न्यूमोकोकस हा जिवाणू तर मला याहून रोचक वाटतो, कारण त्यात मनाई करण्याऐवजी मॅपझेड हे प्रथिन आधीच जागेवर पोहोचून कड्याला वाट दाखवते.