परक्या देशात मेडिकलला अर्ज करताना : तुमचे अनुभव सांगा

माटुंगा (धागा सुरू करणारी)

मी माटुंग्याच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माजी विद्यार्थी शिफारसपत्रासाठी फोन करतात हे जुनंच आहे, पण फोन करणारे बदललेत. पूर्वी एमएस करायला निघालेली मुलं असायची. आता कॅनडातलं ब्रॅम्प्टन, अमेरिकेतलं एडिसन, लंडनमधलं हॅरो इथून फोन येतात. आईवडिलांबरोबर, नाहीतर लग्न होऊन कायमची तिकडे गेलेली मुलं-मुली विचारतात, "मॅडम, इथे मेडिकलला अर्ज करायचाय, कुठून सुरुवात करू?"

एमबीबीएससाठी जॉर्जिया-रशियाला जाऊन परत येणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, त्याचे नियमही वेगळे. इथून एमबीबीएस होऊन अमेरिकेत रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) शोधणाऱ्यांचाही वेगळा. मला ऐकायचंय ते देश बदलून तिथल्याच मेडिकल कॉलेजच्या दारात उभं राहिलेल्यांकडून. माझ्या बघण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आलीय : मार्कांच्या आधी तुमचे कागद बघतात. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना आहे का, अमेरिकेत ग्रीन कार्ड आहे का, किती वर्षं राहताय. मुलांना हे कळतं तेव्हा पदवीची वर्षं निघून गेलेली असतात, आणि घरात सांगणारं कुणी नसतं. म्हणून सविस्तर लिहा. पैशांचंही लिहा, त्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही.

मुलुंडहून ब्रॅम्प्टनला

मॅडम, सुरुवात मी करते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, मायक्रोबायोलॉजी. लग्नानंतर पीआरवर कॅनडाला आलो. बारावीला सीईटीत थोडक्यात हुकलं तेव्हा डॉक्टर व्हायचा विषय घरात संपला होता. तो इथे पुन्हा निघाला, कारण इथे मेडिकलला बहुतेक सगळे पदवीनंतरच जातात. बीएस्सी झालेल्या बाईसाठी रस्ता बंद नसतो हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पीआर होतं म्हणून पुढचं सगळं झालं. कॅनडातली बहुतेक मेडिकल कॉलेजं नागरिक आणि पीआरवाले सोडून कुणाचा अर्जच घेत नाहीत. ऑन्टारिओ सरकारने तर २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२६ पासून परदेशी विद्यार्थी बंद आणि ९५ टक्के जागा ऑन्टारिओच्या रहिवाशांना. म्हणजे कुठल्या प्रांतात राहता यालाही महत्त्व आलं. नोकरी बघून प्रांत ठरवताना हे कुणाच्या डोक्यात नसतं.

ऑन्टारिओत सगळ्या कॉलेजांना मिळून एकच अर्ज जातो, त्याला ओमसास म्हणतात. परदेशी पदवी असेल तर मार्कशीट डब्ल्यूईएस या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. प्रत्येक कॉलेजचे निकष वेगळे, आणि ते नीट वाचण्यात घातलेला वेळ अभ्यासाइतकाच कामी येतो. एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचंच बघा. चार भाग, एकूण गुण ४७२ ते ५२८. पण माझ्या वेळी ओटावा विद्यापीठ एमकॅट मागतच नव्हतं, आणि मॅकमास्टर विद्यापीठ त्यातला फक्त कार्स हा उताऱ्यांचा भाग बघायचं. फिजिक्स-केमिस्ट्रीची मला भीती नव्हती, कार्सची होती. तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास, मानववंशशास्त्र असले उतारे, आणि चारही पर्याय बरोबर वाटतात. मी ब्रॅम्प्टनच्या लायब्ररीतून निबंधांची पुस्तकं आणायचे. रोज एक निबंध वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि लेखकाचं म्हणणं वहीत मराठीत एका वाक्यात लिहायचं. ते वाक्य जमलं नाही तर निबंध कळलेला नाही, मग परत वाचायचा. काही महिन्यांनी पर्यायांमधला फरक दिसायला लागला.

अर्जात वयाच्या सोळाव्या वर्षापासून काय काय केलं त्याची यादी द्यावी लागते, आणि नोंद खरी आहे असं सांगणाऱ्या माणसाचा पत्ता-फोन. आमच्या मुलुंडच्या गणेशोत्सव मंडळाच्या रक्तदान शिबिरात मी कॉलेजची सगळी वर्षं काम केलं. रजिस्टर सांभाळायचं, रक्त दिलेल्यांना कॉफी-बिस्किटं द्यायची, कुणाला चक्कर आली तर पाय उंच करून झोपवायचं. इथली ओळखीची मुलं हॉस्पिटलातली मोठमोठी कामं लिहीत होती, पण मी हेच लिहिलं, कारण हे मी मनापासून केलं होतं. मंडळाच्या कार्यवाहांना ईमेल नव्हता, त्यांच्या सुनेचा दिला. आणि आधी फोन करून सांगून ठेवलं, "काका, कॅनडातून कुणी विचारलं तर घाबरू नका, सगळं सांगा."

मुलाखत एमएमआय पद्धतीची. ही पद्धत मॅकमास्टरनेच सुरू केली आणि आता जगभर गेलीय. ओळीने खोल्या, दारावर एक प्रसंग लिहिलेला. बाहेर उभं राहून दोन मिनिटं वाचायचं, घंटा झाली की आत जाऊन आठ मिनिटं बोलायचं, की पुढचं दार. खरे प्रसंग सांगता येत नाहीत, तशी सही घेतात. सरावातला सांगते : रुग्णाचा मुलगा म्हणतो, बाबांना कॅन्सर झालाय हे त्यांना कळू देऊ नका. आपल्या घरांत हे सर्रास चालतं, माझ्या आजोबांच्या वेळी आम्हीही तेच केलं होतं. त्यामुळे मला तो मुलगा आतून कळत होता, आणि तेच माझं बळ ठरलं. मुलाच्या जिवाची घालमेल आधी ओळखायची, आणि मग वडिलांनाच विचारायचं की तुम्हाला किती जाणून घ्यायचंय. इथल्या सोबत्यांना दुसरं सहज सुचायचं, पहिलं सुचायचं नाही.

सध्या फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी चालू आहे. कुणाला सरावाला जोडीदार हवा असेल तर शनिवारी सकाळी मी वेळ देऊ शकते.

डोंबिवली, सध्या न्यू जर्सी (वडील)

वरच्या ताईंकडे पीआर होतं. आमच्याकडे तोच कागद नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही डोंबिवलीहून आलो तेव्हा मुलगी पहिलीत होती. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. ग्रीन कार्डचा अर्ज ईबी-२ या नोकरीवाल्यांच्या वर्गात मंजूर आहे, पण भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे की नंबर लागत नाही. एच-४ एकविसाव्या वाढदिवसाला संपतो. तिला पदवीच्या मध्येच एफ-१ घ्यावा लागला, म्हणजे कागदोपत्री ती परदेशातून शिकायला आलेली विद्यार्थिनी झाली.

जीपीए (पदवीच्या गुणांची सरासरी) चांगला, एमकॅट चांगली, हॉस्पिटलातलं काम आहे. पण इथली बहुतेक सरकारी मेडिकल कॉलेजं नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात, त्यातही आपल्या राज्यातल्यांना आधी. परदेशी विद्यार्थी घेणारी कॉलेजं मोजकी, बरीचशी खासगी, आणि त्यातली काही म्हणतात की चार वर्षांची फी आधी एस्क्रो खात्यात, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात भरा. इथल्या केंद्र सरकारचं शिक्षणकर्ज तिला मिळत नाही. ज्यांना मिळतं त्यांच्यासाठीही २०२५ च्या कायद्याने जुलै २०२६ पासून मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा घातलीय. खासगी कर्जाला बहुतेक ठिकाणी इथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीन लागतो. असा जामीन कुणाकडे मागायचा?

शाळेत ती रोज सकाळी छातीवर हात ठेवून इथल्या झेंड्याला निष्ठेची शपथ म्हणायची. सुट्टीत डोंबिवलीला गेलो की आजीलाही म्हणून दाखवायची. त्याच मुलीला मी अर्जातल्या नागरिकत्वाच्या रकान्यात 'भारत' निवडताना बघितलं. भारताबद्दल तिच्या मनात काही कमी नाही, पण तो रकाना भरताना तिचा चेहरा मला बघवला नाही. बाप म्हणून या व्यवस्थेचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

सध्या ती ओपीटीवर (एफ-१ वाल्यांना पदवीनंतर मिळणारा कामाचा तात्पुरता परवाना) एका प्रयोगशाळेत काम करते. येत्या फेरीत परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या कॉलेजांनाच अर्ज करणार आहे. कुठलं कॉलेज घेतं, कुठलं नाही, हे इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या, एएएमसीच्या, एमएसएआर या माहितीसंचात कॉलेजवार दिलेलं असतं. वर्गणी भरावी लागते, पण भरा. आणि एच-१बी वरच्या ज्या घरात आठवी-नववीतलं मूल डॉक्टर व्हायचं म्हणतंय, त्यांनी कॅनडाच्या पीआरचा विचार आत्ताच करावा, पदवी झाल्यावर नाही.

मुलुंडहून ब्रॅम्प्टनला

दादा, वाचून वाईट वाटलं. एक भर घालते : पीआर हातात आलं की लगेच अर्ज, असं होत नाही. प्रांताचा रहिवासी ठरायला तिथे राहिलेलं असावं लागतं, आणि प्रत्येक प्रांताची व्याख्या वेगळी. म्हणून तुम्ही म्हणता ते आठवी-नववीचं वयच बरोबर आहे. लेकीला सरावाला माझ्याकडे पाठवा.

पार्ले ते हॅरो

मी थोडक्यात लिहिते. इंग्लंडमध्ये बारावीच्या वयातच अर्ज करायचा असतो आणि सगळं वेळापत्रकावर चालतं. यूकॅस या विद्यापीठांच्या एकत्रित अर्जात मेडिसिनसाठी जास्तीत जास्त चार कॉलेजं, शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, बाकी बहुतेक कोर्सेसच्या कितीतरी आधी. त्याच्याआधी उन्हाळ्यात यूकॅट ही प्रवेशपरीक्षा. बीमॅट ही दुसरी प्रवेशपरीक्षा २०२३ नंतर बंद झाली, त्यामुळे कुणी तिची जुनी पुस्तकं देत असेल तर घेऊ नका. यूकॅटमधून आकृत्यांचा भागही २०२५ पासून गेलाय.

पैशांचं मॅडमनी विचारलंय म्हणून : इंग्लंडमध्ये २०२५-२६ ची होम फी, म्हणजे इथल्यांची फी, वर्षाला ९,५३५ पौंड. परदेशी विद्यार्थ्याची त्याच्या कितीतरी पट, आणि त्यांना मेडिकलच्या जागा ७.५ टक्क्यांच्या आसपासच. नेहमीच्या वाटेने होम ठरायचं तर कोर्सच्या पहिल्या दिवशी तुम्ही स्थायिक असायला हवं आणि आधीची तीन वर्षं इथे राहिलेलं हवं. बाबा स्किल्ड वर्कर व्हिसावर होते, आयएलआर (स्थायिक व्हायची परवानगी) तेव्हा पाच वर्षांनी मिळायचं. माझा निकाल ऑगस्टमध्ये, आणि आयएलआर आलं जुलैत. तोवर आईबाबांनी पार्ल्याचा फ्लॅट विकायचा की नाही यावर किती रात्री घालवल्या ते मी दाराआडून ऐकलंय.

इथे माणसांबरोबर केलेल्या कामाला फार मोल आहे. दर रविवारी मी हॅरोच्या एका वृद्धाश्रमात चहा द्यायला जायचे. एक आजोबा कपाला हात लावायचे नाहीत. हात थरथरायचा, चहा सांडायचा, चारचौघांत त्यांना ते नको वाटायचं. तिथल्या एका सेविकेने मला दाखवलं : मोठा मग घ्यायचा, अर्धाच भरायचा आणि निघून जायचं, बघत उभं राहायचं नाही. मुलाखतीत मी एवढंच सांगितलं आणि पुढची सगळी चर्चा त्यावर झाली.

मेलबर्न

ऑस्ट्रेलियाचं एक वाक्य लक्षात ठेवा. पीआर असेल तर सरकारी अनुदानाची जागा मिळू शकते, पण हेक्स हे सरकारी शिक्षणकर्ज साधारणपणे नागरिकांनाच, म्हणजे पीआरवाल्याला आपला वाटा दर सत्राला रोख भरावा लागतो. मुलाच्या अर्जाआधी नागरिकत्वाचा अर्ज करता येत असेल तर करून टाका. बारावीनंतर यूकॅट, पदवीनंतर बहुतेक ठिकाणी गॅमसॅट, या इथल्या प्रवेशपरीक्षा.

ठाणे (जन्म अमेरिकेतला)

माझा प्रवास उलटा आहे, चालेल का? आईबाबा परत आले तेव्हा मी आठवीत होते, आणि माझ्यासाठी नवा देश हा होता. पासपोर्ट अमेरिकेचा, हातात ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते.

नीट म्हणजे १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक गुण वजा. तिकडे प्रयोग करून शिकलेल्या मला एनसीईआरटीची ओळ न् ओळ पाठ करणं सुरुवातीला जड गेलं. पण त्याहून मोठी गोष्ट ४ मार्च २०२१ ला झाली. केंद्राने अधिसूचना काढली की ओसीआय विद्यार्थी प्रवेशासाठी एनआरआयसारखे, भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागा त्यांना नाहीत. एनआरआय कोट्याची फी आमच्या आवाक्यातली नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही अधिसूचना पुढच्यांना लागू, आधी कार्ड घेतलेल्यांना नाही. माझं कार्ड लहानपणीचं, म्हणून मी सर्वसाधारण जागांसाठी पात्र ठरले. त्या तारखेनंतर कार्ड घेतलेल्या, माझ्यासारख्याच इथे वाढणाऱ्या मुलींना हे दार नाही, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

आता मी मुंबईतल्या पालिकेच्या मेडिकल कॉलेजात आहे. ओपीडीत कोकणातल्या आजी आल्या की बरोबरचे मला पुढे करतात, कारण माझं मराठी रत्नागिरीच्या आजीकडून आलेलं. "छातीत कळ येते की जळजळतं?" एवढं नीट विचारता आलं की निम्मं निदान हातात येतं.

माटुंगा (धागा सुरू करणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. न्यू जर्सीच्या दादांनी लेकीचं पुढे काय झालं ते नक्की कळवा.

दोन गोष्टी माझ्या बाजूच्या. शिफारसपत्रात आपल्याकडे 'मेहनती, प्रामाणिक, शिस्तप्रिय' असं लिहायची रीत आहे, त्याचा तिथे काही उपयोग होत नाही. मी आता एकच प्रसंग लिहिते. एका मुलीने झुरळाच्या विच्छेदनात बाजूच्या मुलाचे हात थरथरताना बघून त्याची चिमटी अलगद काढून घेतली होती आणि सरांना कळू न देता त्याला करायला लावलं होतं. तिच्या पत्रात तेवढंच होतं. तेव्हा विद्यार्थ्यांनो, सरांना फोन कराल तेव्हा असा एखादा प्रसंग त्यांना आठवून द्या.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. पासपोर्टवर क्रम निराळा, आणि लग्न झालेल्या मुलींचं तर आडनावच दुसरं. तपासणाऱ्या संस्थेला ही दोन माणसं वाटतात आणि फाइल अडकते. तेव्हा मुंबईत असतानाच नावबदलाच्या गॅझेटची प्रत किंवा लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र करून ठेवा, ट्रान्सक्रिप्टचे (विद्यापीठाने दिलेल्या अधिकृत गुणपत्रांचे) सीलबंद लिफाफे दोन-तीन जास्तीचे घ्या, आणि पाकिटावरचा शिक्का स्वतःच्या हाताने फोडू नका.