शाळेत मुलाला मारलं, तर आक्षेप कसा नोंदवायचा? (अनुभव धागा)

जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत मुलाला मार बसला की पालक तावातावाने शाळेत जातात, बोलतात आणि घरी येतात. कागदावर काही उरत नाही. असे अर्ज ज्यांनी लिहिलेत, तपासलेत किंवा निकाली काढलेत, त्यांनी लिहावं. आपबीती नको, काय चालतं आणि कुठे अडतं तेवढंच.

शाळा व्यवस्थापन समितीवरचा पालक

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडेपर्यंत हलू नका. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा. मजकुरात वार, तारीख, कितवा तास, कशाने मारलं, किती वेळा, अंगावर कुठे. 'सर नेहमीच मारतात' याला चौकशीत काडीची किंमत नाही.

आणि 'आमच्या मुलाची काही चूक नव्हती' हे वाक्य गाळा. ते लिहिलं की चौकशी पोराच्या चुकीची सुरू होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ चूक विचारतच नाही. शारीरिक शिक्षा बंद आणि मानसिक छळही बंद. वर्गासमोर 'ढ' म्हणून हिणवत राहणं मानसिक छळात मांडता येतं. वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा.

मुलांची डॉक्टर

हळद-मलम लावायच्या आधी फोटो. दिवसाच्या उजेडात, एक लांबून, एक जवळून, वळाशेजारी मोजपट्टी ठेवून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा काढा, काळंनिळं बऱ्याचदा उशिरा दिसतं. छडीचा वळ ओळखू येतो: दोन समांतर लाल रेघा, मधली कातडी फिकट. पडून असा वळ उठत नाही.

कानशिलात बसली असेल आणि कमी ऐकू येत असेल तर कानात तेल अजिबात घालू नका, पडदा फाटलेला असू शकतो. शंभर-दोनशे उठाबशांनंतर मांड्या दुखणारच, पण लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू मोडून मूत्रपिंडावर ताण आलेला असतो.

सरकारी रुग्णालयात 'एमएलसी करा' (म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) असं स्पष्ट सांगा. केसपेपरवर घाईत 'पडला' असं लिहिलं गेलं तर तिथेच दुरुस्त करून घ्या, नंतर फार जड जातं. मुलाला एकदाच, 'काय झालं?' एवढंच विचारा. 'सरांनीच मारलं ना?' नको.

वकील

कलम १७ सहा ते चौदा वयासाठी आहे, त्यामुळे नववी-दहावीच्या अर्जात ते लंगडं पडतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) ला (जाणूनबुजून दुखापत करणं) वयाची अट नाही, पण तो गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. एनसीची प्रत मात्र घ्याच. बाल न्याय कायद्याचं कलम ८२ अर्जात हमखास दिसतं. ते बालगृहांसारख्या संस्थांसाठी आहे, शाळेसाठी नाही. त्याच कायद्याचं कलम ७५ बघा, मूल ज्याच्या ताब्यात त्याच्यासाठीचं.

शाळेने दाद दिली नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे (जिल्हा परिषद, महापालिका) लेखी तक्रार. तिथे तीन महिन्यांची मुदत. अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे.

शिक्षक, दोन वर्ग एका खोलीत

पालकांची खरी भीती 'दाखला काढून न्या' ही असते. आठवीपर्यंत शाळा मुलाला काढू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६. सूड दुसरीकडून निघतो: वही तपासायची नाही, मागच्या बाकावर बसवायचं. म्हणून अर्जानंतर महिनाभर वह्या चाळत राहा, लाल शाई कुठल्या तारखेपासून थांबली ते दिसतं.

मारणाऱ्या शिक्षकाची बदली मागू नका, असं माझं मत. बदलीने प्रकरण मिटतं आणि तोच हात दुसऱ्या गावच्या पोरांवर पडतो. मागायची ती सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई, कलम १७ मध्येच ती लिहिलेली आहे.

शाळा व्यवस्थापन समितीवरचा पालक

याला जोडून: समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. पुढच्या बैठकीत विषय इतिवृत्तात घ्यायला लावा आणि सही करण्याआधी ते वाचा. 'किरकोळ बाब, समज दिली' असं लिहून टाकतात.