प्रतिसाद: कोऱ्या स्टॅम्पवर सही करतातच का?

वर विचारलंय, "शिकलेली माणसंही सावकाराच्या कोऱ्या स्टॅम्पवर सही कशी करतात?" कारण सही मागितली जाते ती नेमकी दवाखान्याचं बिल भरायच्या दिवशी. तेव्हा कागद वाचायला सवड कुणाला?

सांगलीच्या जत-आटपाडीकडं महिना १० टक्के दर ऐकून कुणी दचकत नाही. ५०,००० घेतले की पहिलं व्याज कापून हातात ४५,००० येतात, महिना ५,००० चालू. वर्षात ६०,००० भरले तरी मुद्दल तसंच! कायदेशीर परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्केच घेता येतात.

खरा घात खरेदीखताचा. कर्जाला तारण म्हणून सावकार जमीन विकल्याचाच दस्त करून घेतो. "पैसे दिले की जमीन परत" हे फक्त तोंडी. सातबारा मात्र सावकाराच्या नावावर फिरतो. तरी हातपाय गाळू नका. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाच्या कलम १८ खाली जमीन परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकांकडे (सहकारी संस्था) अर्ज करता येतो. व्यवहार १५ वर्षांच्या आतला हवा. अर्ज अडतो तो पुराव्यावर, कारण हप्ते रोखीनं गेलेले असतात. म्हणून आजपासून प्रत्येक हप्ता बँकेतूनच द्या, आणि सावकाराला दिलेल्या कोऱ्या चेकचे नंबर लिहून ठेवा.