टाइप १ मधुमेह: ८ वर्षांच्या मुलाला बक्षीस काय ठेवावं? (महिना ३०० रु.)

रानजाई: मुलगा ८ वर्षांचा, टाइप १. साखर तपासायची म्हटलं की घरभर पळतो. जेवण गार, मी गरम. एज्युकेटर मॅडम म्हणाल्या, भिंतीवर तक्ता लावा आणि छोटं बक्षीस ठेवा. काय ठेवू? महिना ३०० च्या वर नको, खाऊ नको, मोबाइल नको.

पेठकर_काका: याला लाच म्हणतात. उद्या दात घासायचेही पैसे मागेल. रोख तर अजिबात नको.

सातारी_तडका: ताई, गियरची सायकल घ्या डोळे झाकून. पुतण्या दम्याचा पंप घ्यायला टाळायचा. भाऊ म्हणला, सहा महिने न चुकता घे, सायकल तुझी. आठवडाभर घेतला, मग विसरला. सायकल आणलीच शेवटी. पोरगं जाम खूश.

मीमुक्ता: @सातारी_तडका, म्हणजे पंप राहिलाच की! सहा महिने त्या वयात कोण थांबतं? बक्षीस त्याच दिवशी, फार तर रविवारी.
माझी लेक ११ ची, तीही टाइप १. रानजाई, आकड्यावर बक्षीस लावू नका. आमच्या ह्यांनी '१८० च्या आत आली तर पन्नास रुपये' असं काढलं होतं. वहीत सगळे १३०, १४०. मीटरची मेमरी उघडली तर २६०, ३१०. सर्दी-ताप, खेळ, वाढीचं वय, साखर कशानेही हलते. तिच्या हातात काय? हात धुणं, टोचणं, खरं लिहिणं. तक्त्यावर चांदणी त्याची. ३१० आली आणि तशीच लिहिली, तरी चांदणी.

टेम्सकाठी: +१ मुक्ता. पण बोटं टोचताच कशाला? साखर मोजणारा सेन्सर लावा दंडावर, १४ दिवस बघायला नको. आमच्याकडे इंग्लंडमध्ये २०२२ पासून टाइप १ च्या सगळ्या मुलांना सेन्सर द्यावा अशी शिफारस आहे. आम्हाला एक पेनी पडत नाही.

सातारी_तडका: साहेब, इथं तीनशेत त्याचा खोका पण यायचा नाही.

मीमुक्ता: आणि सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. साखर झपाट्याने बदलत असेल तर आकडा मागे राहतो. मूल घामाघूम झालंय आणि सेन्सर 'ठीक' म्हणतोय, तेव्हा बोटच टोचावं लागतं.

टेम्सकाठी: नवीन मॉडेल वापरलंय का तुम्ही?

जुनं_खोड: एवढ्याशा जिवाला सुया कशाला? आमच्या गावाकडे एक जण काढा देतात, इन्सुलिन हळूहळू सुटतं.

मीमुक्ता: कृपा करून असं लिहू नका. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. बंद केलं तर रक्तात आम्ल साठून मूल एक-दोन दिवसांतही आयसीयूत जाऊ शकतं. सुटत वगैरे नाही.

चकलीबाई: +१, आकड्यावर नको. पैसेही नकोत. खाऊ नको हे तर शंभर टक्के बरोबर. साखर कमी झाली की भाचीला चॉकलेट लावलं होतं, तर बाई रोज अभ्यासाच्या वेळी 'चक्कर येतेय' म्हणायच्या! आता साखर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासणी. औषध म्हणून, लाड नाही.
बक्षिसाआधी दुखणं तर कमी करा. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. फ्रिजमधलं गार इन्सुलिन झोंबतं, चालू इन्सुलिन पेन बाहेर ठेवा (उन्हाळ्यात मातीच्या मडक्यात). पोट, मांडी, जागा बदलत राहा, नाहीतर गाठी होतात आणि औषध नीट लागत नाही. आमच्याकडची निम्मी रडारड तिथेच थांबली.

पेठकर_काका: मडक्यात ओल लागत नाही का?

चकलीबाई: डबीत घालून ठेवतात हो काका.

सातारी_तडका: सायकलीचं काय ठरलं?

रानजाई: सगळ्यांचे आभार. शेवटी त्यालाच विचारलं. त्याला नाणी हवीत! बसचं भयंकर वेड आहे. रात्री तक्ता पूर्ण असेल तर ५ रुपयांचं नाणं डब्यात, रविवारी त्यातून कंडक्टरकडून तिकिटं तोच काढणार. महिन्याचे दीडशे. कुठलं बोट टोचायचं ते तो ठरवेल, डोस मीच बघणार. सेन्सरचं पुढे बघू.

पेठकर_काका: रोख नको असं दोघांनी सांगितलं. ऐकायचं नव्हतं तर धागा काढला कशाला?

मीमुक्ता: चालेल की, आकड्यावर नाहीत ना? फक्त तो चिडला, टोचून घेतलं नाही, म्हणून डब्यातली आधीची नाणी काढून घेऊ नका. मिळवलेलं ते त्याचं.

सातारी_तडका: म्हणजे सायकल नाहीच घेत? पुतण्याची काढायचीय. वीस इंची, एक गियर अडकतो, बाकी नवी कोरी.