मदत हवी आहे: पोर्तुगीज बायकोचं ओसीआय (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड) आणि खानापूरची जमीन

निवृत्तीनंतर दोघं खानापूरला (जि. बेळगाव) राहणार. मी भारतीय, बायको पोर्तुगीज. लग्न लिस्बनला, लग्नाला दोन वर्षं झाल्याची ओसीआयची अट कधीच पूर्ण झाली. लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणीकरण) झालंय, इंग्रजी भाषांतरही आहे. घोळ नावांचा: तिच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव; माझ्या जन्मदाखल्यावर जन्मगाव ‘बेलगाम’, पासपोर्टवर ‘बेलगावी’ (२०१४ चं नामांतर, दुसरं काय!). आडनाव ती बदलणार नाही. एजंट नको. नावांच्या या फरकासाठी नोटरीचं प्रतिज्ञापत्र पुरतं का?

ओसीआयवर शेती विकत किंवा बक्षीस घेता येत नाही, हे माहीत आहे. म्हणून घर एनए (बिगरशेती) प्लॉटवरच बांधलंय. पण वडिलोपार्जित ३० गुंठे माझ्या नावावर आहेत. माझ्यामागे वारसानं तिचं नाव उताऱ्यावर चढवायला तलाठी नेमके कोणते कागद मागतात?