पारोळ्याजवळ ४०,००० चौरस फुटांचे गोदाम: नकाशा पक्का करण्यापूर्वी काय ठरवावे?

बोरीकाठ (प्रश्न)

नमस्कार. पारोळ्याजवळ सुरत–नागपूर महामार्गालगत मका आणि कापसाच्या गाठी ठेवण्यासाठी सुमारे ४०,००० चौरस फुटांचे पत्र्याचे गोदाम बांधायचे आहे. महामार्गालगतची जागा पुढे गाळ्यांसाठी मोकळी राहावी, म्हणून ठेकेदाराने इमारत दक्षिणोत्तर लांब काढली आहे. सौर पॅनल, छताखालचे ग्लासवूल (काचतंतूंचा उष्णतारोधक थर) आणि पाणी जिरवणे ही कामे शेड उभे राहिल्यावर सवडीने करू, असे त्यांचे म्हणणे आहे. गेल्या मे महिन्यात भाड्याच्या गोदामात दुपारी थप्पीच्या वरच्या थरापाशी हमालांना उभेही राहवत नव्हते. तशीच भट्टी स्वतःच्या जागेत उभारायची नाही. कोणत्या गोष्टी आत्ताच ठरवाव्यात?

पर्लिन, धुळे

आधी दिशा बदलून घ्या, कारण बाकी चुका पैसे घालून दुरुस्त होतात, ही होत नाही. लांब भिंती पूर्व-पश्चिमेला आल्या, तर सकाळचे आणि त्याहून वाईट म्हणजे दुपारनंतरचे तिरपे ऊन संपूर्ण लांबीवर पडते. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवली, तर ते फक्त आखूड भिंतींवर येते, आणि दक्षिणेचे ऊन उन्हाळ्यात डोक्यावर असल्याने जरा लांब पागोळीनेही अडते. गाळ्यांचे भाडे आणि पुढची तीस वर्षे, यांत काय महत्त्वाचे आहे ते घरात बसून ठरवा.

तरीही इतक्या पसरट इमारतीत बहुतेक उष्णता छतातूनच येते. चकचकीत कोरा पत्रा ऊन परावर्तित करतो, पण तापल्यावर ती उष्णता सहज बाहेर सोडत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात तो ६० अंशांच्या पुढे जातो. पांढरा लेप दिलेला पत्रा दोन्ही कामे करतो, मात्र धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून छत धुण्याची सोय ठेवावी. आढ्यावर सलग वारा-झरोका आणि भिंतीच्या तळाशी जाळीदार झडपा, अशी जोडी हवी. खालून हवा आत येत नसेल तर वरचे टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरणारे छतावरचे पंखे) नुसतेच फिरत राहतात. पारदर्शक पत्रे छताच्या ३ ते ५ टक्के पुरतात आणि ते थप्पीवर नव्हे, वाटेवर यावेत.

सौर पॅनलसाठी १०० किलोवॉटला साधारण १,००० चौरस मीटर छत लागते आणि चौकटीसह दर चौरस मीटरला सुमारे १५ किलो भार वाढतो. सांगाड्याचे गणित करतानाच हा भार धरला, तर लोखंड थोडेच वाढते. नंतर पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्या) बळकट करायला जाल, तर माल हलवून, छत उघडून काम करावे लागते.

वखारवाला, अमळनेर

ग्लासवूलचा प्रश्न केवळ उन्हाळ्याचा नाही. एका डिसेंबरमध्ये आमच्या मक्यात ओल थोडी जास्त राहिली होती. रात्री कडाक्याची थंडी पडली, पत्रा गार झाला आणि मक्यातून निघालेली वाफ त्याला आतून दवासारखी लागली. पहाटे थेंब थेट पोत्यांवर पडत होते. आठवड्याभरात वरच्या थराला बुरशीचा वास येऊ लागला आणि तो सगळा माल वेगळा काढावा लागला. त्यामुळे ग्लासवूल आणि त्याखालचा वाफरोधक पापुद्रा पत्र्याबरोबरच बसवा आणि मका १४ टक्क्यांखाली वाळल्याशिवाय आत घेऊ नका. कापूस आणि मका यांच्यामध्ये पूर्ण उंचीची भिंतही हवी, कारण गाठीला आतून लागलेली आग बराच वेळ धुमसत राहते.

बोरीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. दिशा बदलून नवा नकाशा मागवला आहे. पावसाचे पाणी इमारतीलगतच शोषखड्ड्यात सोडावे का? जमीन काळी आहे.

पर्लिन, धुळे

लगत मुळीच नको. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पायाशेजारी पाणी जिरवले, तर फरशी उचलली जाईल. आपल्या छतावर ७०० मिलिमीटर पावसात सुमारे २६ लाख लिटर पाणी पडते; गळती वगळूनही २१ लाख हाती लागावे. ते बंद नळीने इमारतीपासून दूर न्या, पहिल्या पावसाचे गढूळ पाणी वगळा आणि जुनी विहीर असल्यास गाळणीतून तिच्यात सोडा. जमिनीच्या उताराकडच्या बाजूला विहीर आहे का, ते कळवावे. त्यावरून पन्हळींचा उतार ठरवता येईल.