व्यावसायिक बॉक्सिंग फुकटच्या चॅनलवर परत येतं, पण टिकत का नाही?

खिडकीतला अँटेना (धागाकर्ता)

7 मार्च 2015 ची रात्र. अमेरिकेत येऊन मला चार महिने झाले होते. केबल घेतलेली नव्हती. खिडकीच्या काचेला चिकटवलेला पातळ अँटेना होता, त्यावर मोठी चार-पाच चॅनल्स स्वच्छ दिसायची. शनिवार होता. साडेआठला एनबीसी लावलं तर लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँडमधून थेट बॉक्सिंग! आधी एड्रियन ब्रोनर विरुद्ध जॉन मोलिना आणि नंतर कीथ थर्मन विरुद्ध रॉबर्ट गरेरो. समालोचनाला माजी विश्वविजेता शुगर रे लेनर्ड.

वरच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. बसचालक म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेली. जिन्यात भेटले की आमचं बोलणं हवामानापुरतंच. पण एकदा त्यांनी बॉक्सिंगचा विषय काढला होता, म्हणून मी धावत वर गेलो आणि त्यांना बोलावून आणलं. सोफ्यावर बसताना त्यांनी दोनदा विचारलं, "पैसे भरावे लागले नाहीत ना?" त्यांच्या लहानपणी दर शुक्रवारी रात्री एनबीसीवर फाइट असायची, जिलेट कंपनी प्रायोजक, आणि वडिलांशेजारी जमिनीवर बसून ते बघायचे. 1960 साली एनबीसीने ते बंद केलं, हेसुद्धा त्यांना वर्षासकट आठवत होतं.

एका लिफाफ्याच्या मागे त्यांनी रकाने आखले आणि मला गुण मांडायला शिकवलं. राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, खाली पडला तर बहुतेक वेळा 8. नवव्या राउंडमध्ये गरेरो खाली गेला तेव्हा पेन्सिल माझ्याकडे देत म्हणाले, "आता तू लिही." गरेरो उठला आणि शेवटपर्यंत भिडत राहिला. निकाल लागण्याआधीच आमच्या लिफाफ्यावर थर्मन जिंकला होता. तो लिफाफा अजून माझ्याकडे आहे.

मग थर्मन आमचा माणूस झाला. जून 2016 मध्ये सीबीएसवर शॉन पोर्टरविरुद्ध (तिन्ही पंचांचे गुण 115-113, इतकी अटीतटीची!), मार्च 2017 मध्ये पुन्हा सीबीएसवर डॅनी गार्सियाविरुद्ध. पुढे कोपराची शस्त्रक्रिया झाली, जवळजवळ दोन वर्षं तो रिंगबाहेर राहिला, आणि जानेवारी 2019 मध्ये फॉक्सवर होसेसिटो लोपेझविरुद्ध परतला. सगळं फुकट, सगळं त्याच सोफ्यावर. आणि मग जुलै 2019 मध्ये समोर मॅनी पॅकियाव आला, तेव्हा टीव्हीवर सांगितलं की ही फाइट पे-पर-व्ह्यूवर, म्हणजे त्या एका रात्रीचे वेगळे पैसे, सुमारे 75 डॉलर. आजोबांनी नाही घेतली. मलाही त्या महिन्यात जमली नाही. पहिल्याच राउंडमध्ये थर्मन खाली पडला आणि शेवटी विभागून दिलेल्या निकालात (तीनपैकी दोन पंच पॅकियावच्या बाजूने) हरला, हे आम्ही दुसऱ्या दिवशी वाचलं.

चार वर्षं ज्याच्याशी ओळख करून दिली, त्याच्या आयुष्यातली सर्वात मोठी रात्र आमच्यापासून काढून घेतली. माझा प्रश्न साधा आहे. व्यावसायिक बॉक्सिंग फुकटच्या चॅनलवर येऊन टिकू शकतं का? की प्रत्येक वेळी ही फक्त जाहिरातच असणार?

लाल कोपरा

तुमचा सल समजला, पण हिशेब बघा. एनबीसीवरची ती फाइट आयोजक अल हेमनच्या प्रीमियर बॉक्सिंग चॅम्पियन्स या मालिकेतली. इतर खेळांत चॅनल प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी पैसे मोजतं. इथे उलटी गंगा होती, आयोजकानेच चॅनलकडून वेळ विकत घेतली. जाहिराती भरून येतील आणि पुढे चॅनल स्वतः हक्क मागायला येईल असा डाव होता. त्या रात्री सरासरी 34 लाखांच्या आसपास प्रेक्षक मिळाले. बॉक्सिंगसाठी आकडा वाईट नाही, पण चॅनलने आपली थैली सोडावी इतका मोठाही नाही.

आता दोनच महिन्यांनंतरचं बघा. 2 मे 2015, मेवेदर विरुद्ध पॅकियाव. एचडीला 99.95 डॉलर आणि 46 लाख विक्री. म्हणजे चाळीस कोटी डॉलरच्या वर, एका रात्रीत, फक्त अमेरिकेतून. ही थैली दिसत असताना कुठला बॉक्सर किंवा प्रमोटर जाहिरातीच्या पैशांवर समाधान मानेल?

शिवाय चॅनलची वेगळी अडचण असते. बारा राउंड आणि मधली विश्रांती धरली तर 47 मिनिटं. पण दुसऱ्या राउंडलाच नॉकआउट झाला तर उरलेली चाळीस मिनिटं दाखवायचं काय? विकलेल्या जाहिराती टाकायच्या कुठे? फुटबॉलचा सामना असा मध्येच संपत नाही.

पैसे भरून बघायच्या केबल चॅनल्सपैकी एचबीओने 2018 च्या अखेरीस बॉक्सिंग सोडलं, शोटाइमने 2023 च्या अखेरीस. सगळं स्ट्रीमिंगकडे चाललंय. अँटेनाची वाट बघू नका असं मी म्हणेन.

पंधरावा राउंड

मी हौशी बॉक्सर तयार करतो, एकवीस वर्षं झाली. पैशाची बाजू वर आलीच आहे. दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी.

24 मार्च 1962, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एबीसीवर थेट प्रक्षेपण. एमिल ग्रिफिथने बाराव्या राउंडमध्ये बेनी परेटला कोपऱ्यात गाठलं आणि तो दोरांना टेकून राहिला तरी ठोसे थांबले नाहीत. परेट दहा दिवसांनी गेला. लाखो घरांनी ते दिवाणखान्यात बसून पाहिलं. 1964 मध्ये एबीसीने साप्ताहिक फाइट बंद केली. मग 13 नोव्हेंबर 1982, शनिवारची दुपार, सीबीएस. रे मॅन्सिनी विरुद्ध दक्षिण कोरियाचा डुक-कू किम. चौदाव्या राउंडला किम कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने (विश्वविजेतेपद देणाऱ्या संघटनांपैकी एक) किताबाच्या लढती पंधरावरून बारा राउंडवर आणल्या. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

चॅनल्स लांब गेली त्यात या दोन दुपारी-रात्रींचाही वाटा आहे, नुसती पैशाची गणितं नव्हेत. मी तरीही फुकट प्रक्षेपणाच्या बाजूचा आहे. मोठ्या चॅनलवर सगळ्यांचं लक्ष असतं. पंचाने फाइट उशिरा थांबवली तर दुसऱ्या दिवशी देशभर प्रश्न विचारले जातात. पैसे भरून बघणाऱ्या थोड्या लोकांपुढे तसं होत नाही.

एक इशारा मात्र. पन्नासच्या दशकात टीव्हीवर आठवड्याला अनेक रात्री फाइट्स होत्या. लोक घरी बसले आणि गल्लीबोळातले छोटे क्लब ओस पडले. मुलगा जिथे चार राउंडच्या लढती खेळून शिकायचा, तीच जागा गेली. टीव्हीला रोज नवा चेहरा लागायचा आणि कच्ची पोरं लवकर पुढे ढकलली जायची. परत यायचं असेल तर महिन्यातून एकदा या, पण रोज नको.

आणि धागाकर्ते, तुमच्या त्या रात्रीनंतरच्या आठवड्यात आमच्या जिममध्ये सात नवी मुलं आली. तिघांनी थर्मनचं नाव घेतलं. पॅकियावच्या फाइटनंतर एकही आलं नाही.

खिडकीतला अँटेना

तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. सात मुलं!

लाल कोपरा, तुमचे आकडे मान्य. पण मला वाटतं फुकट आणि विकतचं एकमेकांच्या आड येत नाही, क्रम चुकतोय. शुगर रे लेनर्डचंच बघा. 1976 ला माँट्रियलमध्ये अमेरिकेने बॉक्सिंगची पाच सुवर्णं जिंकली, ती फुकटच्या टीव्हीवर घरोघरी दिसली. फेब्रुवारी 1977 मध्ये बाल्टिमोरला त्याची पहिली व्यावसायिक फाइट झाली, तीही सीबीएसवर. पुढे 1980 मध्ये दुरान आणि 1981 मध्ये हर्न्स यांच्याशी तो लढला तेव्हा लोकांनी थिएटरच्या पडद्यावरचं थेट प्रक्षेपण तिकीट काढून पाहिलं, कारण तोपर्यंत तो त्यांच्या घरातला झाला होता. सप्टेंबर 1978 ची अली-स्पिंक्स दुसरी लढत एबीसीवर सुमारे 9 कोटी लोकांनी पाहिली असं मानतात. तो प्रेक्षक एका रात्रीत जमला नव्हता. अलीला ते कित्येक वर्षं टीव्हीवर पाहत आले होते.

हेमनकडे थर्मन होता, प्रेक्षक येऊ लागले होते, पण मध्ये इतके महिने रिकामे जायचे की लोक विसरायचे. दुखापतीला इलाज नाही, हे मान्य. पण मग त्याच वजनातले इतर चौघे-पाच जण ठरलेल्या शनिवारी, त्याच चॅनलवर दिसत राहायला हवे होते. एकदा एनबीसी, एकदा सीबीएस, एकदा फॉक्स, मध्येच केबल. आजोबा रिमोट घेऊन शोधत बसायचे.

पे-पर-व्ह्यूची मोठी फाइट आठवड्याने फुकट दाखवावी, एवढं तरी व्हावं. निकाल माहीत असला तरी आम्ही बघितली असती. लवकर संपलेल्या रात्रीसाठी चार-सहा राउंडच्या नवोदितांच्या लढती तयार ठेवता येतात, तेवढीच त्या छोट्या क्लबच्या मुलांना जागा मिळेल.

पंधरावा राउंड, त्या सातांपैकी अजून कुणी येतं का?

पंधरावा राउंड

दोघं. एक आता लहान मुलांना पायांची हालचाल शिकवतो. त्याला तुमच्या लिफाफ्याचं सांगितलं, फोटो टाकाल का म्हणतोय.